आधी जबानी, मग पाना

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाचाही मिक्सर, इस्त्री किंवा पंखा बंद पडला, की तो दुरुस्तीला जाण्याआधी समोरच्या काकांपुढे हजर करावा लागायचा. सोसायटीचा तसा काही नियम नव्हता. पण काकांना वास यायचाच. कुणी इस्त्री पिशवीत लपवून जिना उतरताना दिसलं, तरी ते दारातूनच विचारायचे, "काय झालंय तिला?" आणि एकदा त्यांनी विचारलं, की माणूस सापडलाच म्हणून समजा.

काका कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले होते. शिरस्तेदार म्हणजे कोर्टाच्या कचेरीतला मुख्य कारकून. पण त्यांच्या बोलण्यावरून न्यायाधीशच त्यांच्या हाताखाली होते, असं कुणालाही वाटलं असतं. विरारला आगाशीच्या रस्त्यावरच्या त्या बिल्डिंगमध्ये आम्ही राहायला गेलो तेव्हा माझं नवीनच लग्न झालं होतं. सामान चढवताना आमचा टेबलफॅन जिन्यात आपटला. आवाज ऐकून काका बाहेर आले. अंगात बंडी, खाली लुंगी, आणि बंडीच्या खिशाला शाईचं पेन. त्यांनी फॅनकडे पाहिलंच नाही, माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. "आपटला, की आपटू दिलात?" नव्या शेजाऱ्यांशी त्यांनी बोललेलं हे पहिलं वाक्य.

त्यांची हत्यारं लाल फडक्याच्या बस्त्यात बांधलेली असत. कोर्टात खटल्यांचे कागद बांधतात तसलं फडकं. आत एक पाना, पक्कड, टेस्टर, दोन-तीन स्क्रू ड्रायव्हर आणि कशाचे ते आता कुणालाच माहीत नाही असे बरेच स्क्रू. पण तो बस्ता लगेच सुटायचा नाही. बिघडलेली वस्तू टीपॉयवर ठेवायची, तिच्या मालकाला स्टुलावर बसवायचं आणि चौकशी सुरू. "आधी जबानी, मग पाना," हे त्यांचं ब्रीद. "यंत्र खोटं बोलत नाही हो. त्याला काय पडलंय? खोटं बोलतो तो माणूस."

तळमजल्यावर एक टीचर राहायच्या, वसईकडच्या ख्रिस्ती गावातल्या. त्यांचा मिक्सर जळला तेव्हाची उलटतपासणी मी स्वतः पाहिली आहे.

"घटनेच्या वेळी भांड्यात काय होतं?"

"खोबरं."

"ओलं की सुकं?"

"सुकं."

"फक्त खोबरं?"

टीचर छताकडे बघायला लागल्या. काका थांबले. थांबणं हे त्यांचं खरं हत्यार होतं. शेवटी टीचर म्हणाल्या, "वर्षाचा मसाला करायचा होता काका. हळकुंडं टाकली थोडी. अख्खी."

"अख्खी हळकुंडं!" काका खुर्चीत मागे रेलले. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मिक्सर जळल्याचा त्यांना आनंदच झाला असावा.

"अहो, कन्फेशनला फादरसुद्धा इतकं विचारत नाहीत," टीचर म्हणाल्या. एवढं करून मिक्सर काही दुरुस्त झाला नाही. काकांनी तो उघडला, आत बघितलं, "हं" म्हणाले आणि पुढची तारीख दिली. मग त्याच्या पुढची दिली. टीचर बिचाऱ्या पाट्यावर चटण्या वाटत राहिल्या आणि अखेर एका दुपारी, काका झोपलेले असताना, मिक्सर घेऊन बाजारात पळाल्या.

खरं सांगायचं तर काकांना यंत्रातलं फारसं काही कळत नव्हतं. सैल झालेला प्लग आणि तुटलेली वायर यापलीकडे त्यांची मजल जात नसे. तरी आम्ही सगळे त्यांच्याकडे जायचो, त्याला दोन कारणं होती. एक म्हणजे सुटका नव्हती. आणि दुसरं म्हणजे काकू.

काकू ठेंगण्या, चटपटीत, बोलायला फटकळ. चौकशी लांबली की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "कोर्ट उठवा आता, भात निवतोय." आणि कोर्ट उठायचं. बारा वाजून गेल्यावर काकूंच्या शब्दावर अपील नव्हतं. आरोपीला जाताना चहा आणि कसलीतरी वडी मिळायची. दर रविवारी सकाळी काकू एकट्या एसटीने अर्नाळ्याला जाऊन ताजी मासळी आणायच्या. बाजारातली त्यांना चालायची नाही. माझं माहेर साताऱ्याकडचं, मला पापलेट आणि हलवा यांतला फरक कळत नव्हता. तो काकूंनी शिकवला, आणि घासाघीस कशी करायची तेही. "भाव ऐकला की आधी हसायचं," त्या म्हणायच्या, "मग निघायचं. मागून हाक येतेच." मला अजून ते जमत नाही, मी हसते आणि पैसे देऊन टाकते.

आता पाण्याचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. त्या काळात आमच्याकडे पाणी टँकरने यायचं. ज्याने विरारचं पाणी भरलंय त्याला वेगळं सांगायला नको. टँकर आला की काका बांबू घेऊन टाकीपाशी उभे. आधी बांबू बुडवून टाकीतलं पाणी मोजायचं, टँकर रिकामा झाला की परत मोजायचं आणि मग ड्रायव्हरची जबानी. "पूरा भरके निकला था? रास्ते में कहाँ कहाँ रुका?" ड्रायव्हर म्हणायचा, "काका, टँकर है, बारात नहीं है. कहाँ रुकेगा?" पण पाणी कमी भरलं, तर काकांच्या बांबूसमोर त्याचं काही चालायचं नाही. तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला, भाजी धुतलेलं जास्वंदीला, लादी पुसलेलं जिन्याला, असा काकांच्या घरात प्रत्येक थेंबाचा पुढचा मुक्काम ठरलेला असे. एकदा मी खिडकीतून पेल्यातलं उरलेलं पाणी फेकलं, तर खालून आवाज आला, "कोण ते?" मी आठवडाभर त्या खिडकीकडे फिरकले नाही.

अशा घरात वॉशिंग मशीन आलं.

पुण्याच्या मुलीने पाठवलं होतं. काकूंचा खांदा आखडला होता, हात वर जात नव्हता. मशीन साधंसुधं नाही, फुल्ली ऑटोमॅटिक. आमच्या मजल्यावरचं पहिलंच. काकांनी त्याच्याभोवती फेरी मारली आणि विचारलं, "हे पितं किती?" काकूंच्या खांद्यापुढे त्यांचं काही चाललं नाही, पण अट घातलीच. मशीनचं एक थेंब पाणी वाया जाता कामा नये. साबणाचं पाणी संडासाला आणि जिन्याला, शेवटच्या खळबळण्याचं झाडांना.

कंपनीच्या माणसाने मशीन बाथरूमच्या बाहेर बसवलं. पाणी बाहेर टाकणारी जाड नळी त्याने आत भिंतीवरच्या हुकाला, छातीच्या उंचीवर, अडकवली. तो गेल्यावर काकांनी एक मोठा निळा ड्रम आणला, बाथरूमच्या खोलगट लादीवर ठेवला, नळी हुकावरून काढून पार ड्रमच्या तळापर्यंत सोडली आणि शिंतोडे उडू नयेत म्हणून सुतळीने बांधून टाकली. मला बोलावून दाखवलं. मीही म्हटलं, "वा काका, काय डोकं चालवलंत!"

आणि मशीन अडायला लागलं.

सुरुवात अगदी छान व्हायची. पाणी घेतलं, कपडे घुसळले, साबणाचं पाणी बाहेर टाकलं. मग कपडे खळबळायला नवं पाणी घ्यायला लागायचं, ते घेतच राहायचं. पुढे म्हणून सरकायचं नाही. आत कपडे फेसात बसलेले, वर मशीन गप्प. कधी अर्धा तास, कधी तास. शेवटी काकू ते जड कपडे उपसून, दुखऱ्या खांद्याने, बादलीत हाताने खळबळायच्या.

काकांनी चौकशी उघडली. पहिला साक्षीदार अर्थातच काकू.

"नळ पूर्ण सोडला होतास?"

"हो."

"नक्की? आठवून सांग. झाकण नीट लावलंस? बटण कुठलं दाबलंस?"

"तुम्ही दाखवलंत तेच. अहो, पण मला काय वाटतं, मशीन पाणी घेत असतं ना, तेव्हा तिकडे ड्रममध्ये..."

"विचारलं तेवढंच सांग. बटण कुठलं?"

मेकॅनिकला बोलावलं. तो तुळिंजहून यायचा, नालासोपाऱ्याच्या त्या गर्दीतून वाट काढत, आणि यायच्या आधी फोन करायचा. फोन आला की काका ड्रम उचलून गॅलरीत ठेवायचे, नळी सोडवून हुकाला लावायचे, बाथरूमची लादी पुसून घ्यायचे. एकतर मेकॅनिकला उभं राहायला जागा हवी. आणि दुसरं, काकाच म्हणायचे, "बाहेरच्या माणसाला आपल्या घरातली पाण्याची ददात कशाला दाखवायची?" मेकॅनिकने मशीन लावलं, की ते शहाण्या मुलासारखं सगळं काम करून थांबायचं. तो गेला, ड्रम जागेवर आला, की पुन्हा अडायचं. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा मेकॅनिक चप्पल घालता घालता म्हणाला, "काका, मशीन एकदम ओके आहे. माझ्यासमोर चालतं, तुमच्यासमोर अडतं, म्हणजे वापरणाऱ्याचाच काहीतरी लोचा आहे. आजींना म्हणावं, जरा लक्ष देऊन लावा."

आजी आतच उभ्या होत्या.

काकांना ते पटलं. यंत्र खोटं बोलत नाही हे त्यांचं ब्रीदच होतं. मग रोजचंच झालं. "आज काय विसरलीस?" हे ते रागाने म्हणत नसत, थट्टेने म्हणत. कोर्टात आयुष्य काढलेल्या माणसाला आरोप करणं म्हणजे सुपारी कातरण्याइतकं सहज. त्यांच्या मनातही काही नसायचं.

पण काकूंच्या मनात होतं. ते मला हळूहळू कळत गेलं. आधी त्या एकदा घाईघाईने आमच्याकडे आल्या. "अगं, मी आत्ता तुझ्याशी बोलायला येताना गॅस बंद केला का, बघतेस जरा?" गॅस बंद होता. मग दोन दिवसांनी किल्ली माझ्याकडे आणून दिली, "तुझ्याकडे असू दे, मी कुठेतरी ठेवीन आणि विसरेन." मग त्यांचं अर्नाळ्याला जाणं थांबलं. एका रविवारी मीच गेले, तर नेहमीची कोळीण टोपलीवरचं फडकं बाजूला करत म्हणाली, "काकी दिसत नाय गो हल्ली? बरं नाय काय त्यांना?" मी पापलेट घेतलं आणि निघाले.

संध्याकाळी मासे द्यायला गेले तेव्हा काका खाली टाकीपाशी होते. काकूंनी पापलेट हातात घेतलं आणि ते ताजं आहे की नाही हे मला विचारलं. मला!

"काकू, काय झालंय?"

त्यांनी पापलेट ताटात ठेवलं. मग म्हणाल्या, "माझी आई शेवटी मला ओळखत नव्हती. 'बाई, तुम्ही कुठल्या?' म्हणायची. त्याची सुरुवात अशीच झाली होती गं. दूध उतू जायचं, दार उघडं राहायचं, आणि ती म्हणायची, मी केलं, मी केलं. मीपण म्हणते, मी नळ सोडला होता. मला अगदी डोळ्यांसमोर दिसतो सोडलेला. पण मशीन तर अडतंच. मग मला दिसतं ते खरं की काय खरं?"

मागे चाहूल लागली. काका दारात उभे होते, हातात बांबू. त्यांनी सगळं ऐकलं असणार. बांबू कोपऱ्यात उभा केला, हातपाय धुतले आणि गॅलरीत जाऊन बसले. त्या दिवशी जेवायला बोलावलं तरी उठले नाहीत, असं काकूंनी नंतर सांगितलं. काकांसारखा माणूस गप्प बसला की घर किती मोठं वाटतं, हेही त्याच म्हणाल्या.

पुढच्या रविवारी सकाळी काकांनी आमचं दार वाजवलं. बंडीवर चक्क सदरा घातला होता. "सूनबाई, पंच म्हणून यायचंय. टीचरनाही सांगितलंय." टीचर चर्चमधून नुकत्याच आल्या होत्या, चांगली साडी अंगावर होती, तशाच वर आल्या.

"आज घटनास्थळ जसंच्या तसं ठेवलंय," काका म्हणाले. "मेकॅनिक येतो तेव्हाचं नाही. रोजचं. कुणी काही हलवायचं नाही." काकूंना त्यांनी मशीनसमोर खुर्ची दिली. स्टूल नव्हे, त्यांची स्वतःची हाताची खुर्ची. मग कपडे टाकले, नळ सोडला, आम्हाला दोघींना दाखवला. झाकण लावलं, दाखवलं. बटण दाबलं, दाखवलं. टीचर माझ्या कानात म्हणाल्या, "चर्चमधली मिस्सासुद्धा इतकी व्यवस्थित नसते."

मशीनने कपडे घुसळले. साबणाचं पाणी ड्रममध्ये धो धो पडलं. मग नवं पाणी घ्यायला लागलं, आणि घेतच राहिलं. अडलं होतं. आम्ही दोघी वाकून मशीनकडे बघत होतो.

काका काकूंकडे वळले. नेहमीचा, खिंडीत पकडणारा आवाज नव्हता. "त्या दिवशी तू ड्रमचं काहीतरी सांगत होतीस. मी मध्येच तोडलं. काय होतं ते?"

"जाऊ द्या. मला हल्ली काहीही वाटतं."

"तरी सांग."

"मशीन पाणी आत घेतं ना," काकू खाली बघत म्हणाल्या, "तेव्हा ड्रममधलंही पाणी वाढत असतं, असं मला वाटतं. म्हणजे बाहेर टाकायची वेळ नसतानाही. पण ते खरं नसेल."

टीचर बाथरूमच्या दारातच होत्या. त्या ड्रमवर वाकल्या. "काका," त्या म्हणाल्या, "वाढतंय हो!"

काका गुडघे टेकून लादीवर बसले. सुतळी सोडली, नळीचं टोक पाण्यातून वर काढलं. त्यातून स्वच्छ पाण्याची धार लागली होती. साबणाचं पाणी टाकताना नळी भरून गेली होती, आणि आता वरून जेवढं पाणी मशीनमध्ये येत होतं, तेवढं खालून या नळीवाटे आपसूक ड्रममध्ये ओढलं जात होतं. मशीन भरणार कधी आणि पुढे सरकणार कधी? काकांनी नळी उचलून हुकाला लावली. धार थांबली. आत पाणी साठू लागलं, थोड्या वेळाने मशीनने एक हुंकार दिला आणि कपडे घुसळायला लागलं. काकांनी मशीन थांबवलं, नळी परत ड्रमच्या तळाशी सोडली आणि पुढच्या खळबळण्याच्या वेळी पुन्हा तेच पाहिलं. मग परत हुकाला. खात्री झाल्यावरही ते तिथेच बसून राहिले, ओल्या लादीवर, सदरा भिजवत.

"ड्रम मी ठेवला," ते म्हणाले. "नळी मी बांधली. मेकॅनिक यायचा तेव्हा काढायचो मीच, तो गेला की लावायचो मीच." आम्हाला कुणाला काही विचारायची वेळच आली नाही. एरवी टीचरनी नक्की काहीतरी टोमणा मारला असता, हळकुंडांचं उट्टं निघालं असतं. त्यांनी नुसता पदर सारखा केला.

काका उठले. हात पुसले. काकूंसमोर उभे राहिले, आणि जन्मभर दुसऱ्यांचे जबाब घेतलेल्या त्या माणसाला शब्द सापडेनात. "तू... म्हणजे तुझं... नळ सोडलेलाच होता," ते म्हणाले.

"नीट सांगा," काकू म्हणाल्या.

"तू काही विसरली नव्हतीस. एकदाही नाही. मी चुकलो."

काकू तशाच बसून राहिल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते त्यांनी पुसलंही नाही. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "ऐकलंत ना दोघींनी?" आम्ही मान हलवली. "परत म्हणा," त्या काकांना म्हणाल्या. काकांनी परत म्हटलं, या वेळी जरा मोठ्याने.

काकू उठल्या, आत गेल्या. आम्हाला वाटलं, चहा ठेवतील. त्या बाहेर आल्या त्या साडी बदलून, हातात मासळीची पिशवी घेऊन.

"कुठे निघालीस?"

"अर्नाळ्याला. अजून मिळेल काहीतरी."

"मी येतो बरोबर..." काका म्हणाले आणि वाक्य तिथेच गिळलं. मग अगदी हळू म्हणाले, "ऊन आहे. छत्री घे."

"आहे माझ्या लक्षात," काकू म्हणाल्या आणि खुंटीवरची छत्री काढून जिना उतरल्या.